पहाटे साडेचारची फायनल

२०२५ च्या २४ जूनला पहाटे चारला उठलो तेव्हा लाइट नव्हती. ग्वाल्हेरच्या जनकगंजात जूनमध्ये हे काही नवीन नाही, इन्व्हर्टरवर एक पंखा आणि वायफायचा डबा एवढंच चालू ठेवलं आणि मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ओट्यावर ठेवला, कारण आमच्या घरात सिग्नल फक्त स्वयंपाकघरातच नीट येतो. बायको म्हणाली अहो झोपा, स्कोअर काय सकाळी पण कळेलच. पण दीड महिना ज्या टीमच्या मागे अर्धी झोप घालवली तिची शेवटची मॅच असताना झोप येते का कोणाला? तिकडे शार्लटमध्ये संध्याकाळचे सात वाजले होते, आमच्याकडे साडेचार, आणि आमची हॉकी टीम ॲबट्सफर्ड कॅनक्स तिच्या लीगच्या कॉल्डर कपपासून एक मॅच लांब.

जे पहिल्यांदा वाचतायत त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. ही हॉकी म्हणजे बर्फावरची. माझी लेक आणि जावई ॲबट्सफर्डला असतात, कॅनडात ब्रिटिश कोलंबियामध्ये, व्हँकूव्हरपासून साधारण सत्तर किलोमीटरवर, अमेरिकेची बॉर्डर अगदी शेजारी. लेकीच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मागच्या हिवाळ्यात तिकडे चार महिने होतो. गाव सगळं शेतीवाल्यांचं, ब्लूबेरी आणि रासबेरीचे मळे, आणि मळेवाल्यांमध्ये पंजाबी इतके की भाजी घ्यायला गेलो तर माझं ग्वाल्हेरचं हिंदी आरामात चालून जायचं. तिथला गुरुद्वारा १९११ सालचा आहे, लाकडी, उत्तर अमेरिकेतला आज उभा असलेला सगळ्यात जुना. जावई एका रविवारी आम्हाला तिकडे घेऊन गेले आणि त्याच आठवड्यात म्हणाले, बाबा, आता दुसऱ्या देवळात चला. ते म्हणजे ॲबट्सफर्ड सेंटर, सात हजार माणसं बसतील एवढं रिंक.

मी लहानपणापासून हॉकी बघत आलोय, पण आमची, गवतावरची आणि नंतर टर्फवरची. रिंकमध्ये पहिल्यांदा बसलो तेव्हा थंडीपेक्षा आवाजाने दचकलो. तो पक असतो ना, कडक रबराचा, तीन इंच रुंद आणि एक इंच जाड, मॅचच्या आधी तो गोठवून ठेवतात म्हणजे उसळत नाही, तो रिंकभोवतीच्या फळीवर आदळला की बंद खोलीत कोणीतरी लाकडी पाट आपटावा तसा आवाज होतो आणि तो छातीत बसतो. आणि स्केटचं पातं बर्फावर एकदम वळलं की खर्रकन आवाज येतो आणि पांढरा भुगा उडतो, पुढच्या रांगेत बसलं तर काचेवर तो भुगा चिकटलेला दिसतो. खेळाडू पाऊण मिनिट, फार तर एक मिनिट खेळतात आणि बदलतात, खेळ चालू असतानाच, फळीवरून उड्या मारून. एवढ्या वेगाने आणि पूर्ण जीव लावून खेळायचं तर त्यापेक्षा जास्त दम पुरतच नाही. मी जावयांना म्हटलं आमच्या वेळी सत्तर मिनिटं तोच सेंटर हाफ पळायचा. ते म्हणाले बाबा, दोन पीरियड बघा मग बोला. तिसऱ्या पीरियडला मी उभा राहून ओरडत होतो आणि नातू माझ्या खांद्यावर.

नातू चार वर्षांचा आहे, त्याला त्या दिवशी तिथल्या दुकानातून गोलकीपरचा ३१ नंबरचा जर्सी घेतला. वाढत्या अंगाचा घेतला, गुडघ्यापर्यंत येतो.

तर ॲबट्सफर्ड ही फार्म टीम. म्हणजे एनएचएल या तिकडच्या सगळ्यात मोठ्या लीगमधली व्हँकूव्हर कॅनक्स ही मोठी टीम, तिची ही खालची. एएचएल नावाची वेगळी लीग आहे, १९३६ पासूनची, तिच्यात आता बत्तीस टीम आहेत आणि एनएचएलच्या बत्तीस टीमपैकी प्रत्येकीची एक अशी जोडी लागलेली. वर कोणी जखमी झालं की खालून फोन जातो, पोरगं त्याच रात्री बॅग घेऊन निघतं. वर नीट खेळला नाही तर परत खाली. कित्येकांचा करारच असा असतो की वर खेळलास तर इतका पगार आणि खाली खेळलास तर त्याचा एक तुकडा. वरचा कमीत कमी पगार २०२४-२५ च्या सीझनला वर्षाला पावणेआठ लाख डॉलर होता, आता विचार करा त्या फोनची वाट कशी बघत असतील.

इथल्या महाराज बाड्यावर चहा घेताना हे मित्राला समजावत होतो तर तो म्हणाला म्हणजे आपली रणजी. मी म्हटलं नाही रे, रणजीची टीम स्वतःची असते, ती जिंकली तर आपल्यासाठी जिंकते. इथं मालक वरचा, खेळाडू वरच्याचे, कोच वरच्याने नेमलेला. त्यापेक्षा डबऱ्याकडची भातशेती डोळ्यासमोर आण. एका वाफ्यात रोपं दाट पेरतात, वीतभर झाली की उपटून दुसऱ्या शेतात लावतात, जुलैत तेच चालतं तिकडे. त्या वाफ्यात पीक कापायला कोणी येत नाही. आणि २०२५ ला त्याच वाफ्यात कप आला, म्हणून माझं डोकं फिरलंय.

पोरांनी काय केलं बघा. पहिली फेरी टुसॉनशी, मालिका २-१. मग कोचेला व्हॅली ३-१. कोलोराडो ईगल्स ३-२, ती मालिका मी नखं खात बघितली. मग टेक्सास स्टार्स ४-२ आणि फायनलला शार्लट चेकर्स. चोवीस मॅच झाल्या, सोळा जिंकल्या, आणि सोळाच्या सोळा जिंकल्या तेव्हा गोलमध्ये एकच माणूस, आर्तुर्स शिलोव्ह्स. त्यात पाच मॅचमध्ये समोरच्याला एकही गोल करू दिला नाही. प्लेऑफचा, म्हणजे ह्या बाद फेऱ्यांचा, सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि दुसरं कोणी ठरलं असतं तर मी इथं चार पानं रागाने लिहिली असती.

शार्लट ही फ्लोरिडा पँथर्सची फार्म टीम. १७ जूनला फ्लोरिडाने वर एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला आणि त्याच संध्याकाळी इकडे खाली ॲबट्सफर्डने त्यांच्या पोरांना ६-१ हाणलं. जावयांचा फोन आला तेव्हा मागे एवढा गोंधळ की मला फक्त "बाबा बाबा" ऐकू येत होतं. बाकी फायनल काही सोपी नव्हती. पहिली मॅच दोन ओव्हरटाइमपर्यंत गेली ती जिंकलो, दुसरी ओव्हरटाइममध्ये हरलो, पाचवी घरच्या रिंकमध्ये कप समोर असताना परत ओव्हरटाइममध्ये हरलो. त्या दिवशी मी जेवलो नाही नीट. म्हणून सहावीला पहाटे उठणं भागच होतं.

तिसऱ्या पीरियडमध्ये ३-२ पुढे असताना नेट अडकलं. स्क्रीनवर शिलोव्ह्स गुडघ्यावर बसलेला, हातमोजा वर, आणि पक कुठाय तेच दिसत नाही. तो गोल गोल फिरणारा चक्कर. मी डबा उचलला, मोबाइल खिडकीत धरला, बायको आता उठून आलेली, तिने शांतपणे स्वतःच्या मोबाइलचं हॉटस्पॉट लावून दिलं. परत चित्र आलं तेव्हा शेवटची मिनिटं आणि मग हेल्मेट आणि हातमोजे हवेत. बाहेर उजाडलं होतं, दूधवाला खाली हॉर्न देत होता, आणि मी साठ वर्षांचा माणूस ओट्याला धरून रडत होतो. २०१८ ला टोरंटो मार्लीज जिंकल्यानंतर कॅनडातल्या टीमकडे हा कप पहिल्यांदाच आला.

कप पहिला उचलतो कॅप्टन. चेस वाउटर्स. आता हा माणूस व्हँकूव्हरचा प्रॉस्पेक्ट, म्हणजे वर न्यायचं म्हणून तयार केलेलं पोरगं, नव्हता, त्याला कोणी ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम दरवर्षी नवीन पोरं निवडतात त्यात, घेतलं नव्हतं, त्याचा करार फक्त खालच्या टीमशी होता, एनएचएलमध्ये तो तोवर एक मॅचही खेळलेला नव्हता. २०२१ ला टीम यूटिकाहून ॲबट्सफर्डला आली तेव्हापासून तो आहे. पेनल्टी लागलेली असताना शॉटच्या आडवं पडायचं, फेसऑफ, म्हणजे पक टाकून खेळ सुरू होतो ती झटापट, जिंकायचे, नवीन आलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराला कोणत्या बाजूने फळीवर दाबायचं ते शिकवायचं. आणि ते पोरगं शिकलं की वर जातं. हा तिथंच. प्रॉस्पेक्टच्या याद्या निघतात, पहिले दहा, पहिले वीस, त्यात ह्याचं नाव कधी नसतं.

माझ्या बाबांचं असंच होतं. गिरणीच्या टीमचे ते अकरा वर्षं कॅप्टन. त्यांच्या हाताखालून दोघं रेल्वेत गेले, एक जण सर्व्हिसेसमध्ये, आणि बाबा तिथंच राहिले, सकाळची पाळी करून दुपारी ग्राउंडवर. लहानपणी त्यांनी रूपसिंगांना इथं बघितलेलं. १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं त्यात दहा गोल एकट्या रूपसिंगांचे, ध्यानचंदांचे हे धाकटे भाऊ, आणि ते ग्वाल्हेरचे, इथल्या संस्थानी सैन्यात होते. बाबा सांगायचे की ते चेंडू अडवायचे नाहीत, चेंडू येऊन त्यांच्या काठीवर बसायचा. आता त्यांच्या नावाचं स्टेडियम लोकांना सचिनच्या दोनशेमुळे माहीत आहे, पण ते मुळात हॉकीचं होतं हे आमच्या पिढीच्या माणसाने सांगायला पाहिजे म्हणून सांगतो. बाबांकडे एकही मोठा कप नव्हता. वाउटर्सने कप डोक्यावर धरला तेव्हा मला त्यांचं तोंड दिसलं, काय करू.

आणि आमच्या ग्वाल्हेरच्या कंपू भागात काय वेगळं आहे? राज्य सरकारची मुलींची हॉकी अकॅडमी २००६ पासून आहे इथं. मी रोज सकाळी तिकडून फिरायला जातो. मुली येतात तेव्हा तेरा-चौदाच्या, काठी कानापर्यंत आलेली, बोलायला लाजतात. पाच-सहा वर्षांत खांदे भरतात, ड्रॅगफ्लिक फळीवर वाजायला लागतो, आणि मग एक दिवस कळतं की ती अमुक गेली, रेल्वेत लागली, नाहीतर कॅम्पला बोलावलं. स्टेशनवर मी एकीला निघताना बघितलंय, मागच्याच वर्षी, किटबॅग तिच्याएवढी आणि सोडायला आलेल्या मुली तिच्या केसांची वेणी धरून रडतायत. तिथल्या कोचमंडळींचं यश म्हणजे हेच की मुलगी त्यांच्याकडे राहू नये.

कोचवरून मॅनी मल्होत्रा. वडील भारतातून गेलेले, आई फ्रेंच कॅनेडियन. स्वतः एनएचएलमध्ये ९९१ मॅच खेळला. २०११ च्या मार्चमध्ये व्हँकूव्हरकडून खेळताना पक डाव्या डोळ्यावर लागला, डोळा जातो की काय अशी वेळ, आणि जूनमध्ये स्टॅन्ली कपच्या फायनलला हा परत बर्फावर उतरला, लोक उभे राहिले होते त्याच्यासाठी. ती फायनल व्हँकूव्हर बॉस्टनकडे सातव्या मॅचला हरलं. हेड कोच म्हणून त्याचं हे पहिलंच वर्ष होतं आणि पहिल्याच वर्षी कप. तो खाली किती दिवस राहील हा प्रश्नच होता, कोचनाही फोन येतातच की.

आणि अर्शदीप बैंस. सरेचा पंजाबी पोरगा, सरे म्हणजे ॲबट्सफर्ड आणि व्हँकूव्हरच्या मधे. ह्यालाही ड्राफ्टमध्ये कोणी घेतलं नाही. मग २०२१-२२ ला ज्युनियरमध्ये रेड डिअरकडून ११२ पॉइंट (स्वतःचे गोल आणि दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास मिळून) काढून अख्ख्या लीगमध्ये पहिला आला तेव्हा व्हँकूव्हरने करार केला. २०२४ ला एएचएलच्या ऑल-स्टारचा सर्वोत्तम खेळाडू, त्याच महिन्यात एनएचएलमध्ये पहिली मॅच, आणि ऑक्टोबरमध्ये शिकागोविरुद्ध पहिला गोल. गुरुद्वाऱ्यात लंगरला बसलेलो तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या सरदारजींनी मला त्याची सगळी कारकीर्द ऐकवली, आपल्या नातवाची सांगावी तशी. त्यांना हॉकीचा नियम एक माहीत नव्हता. पण बैंस कोणत्या मॅचला किती मिनिटं खेळला ते तोंडपाठ.

आता वरच्या टीमचं. व्हँकूव्हर १९७० पासून एनएचएलमध्ये आहे आणि स्टॅन्ली कप एकदाही नाही, १९८२, १९९४ आणि २०११, तीनदा फायनलला जाऊन हरले. २०२४ ला डिव्हिजन जिंकली होती, एडमंटनशी सात मॅचपर्यंत गेले होते, आणि २०२५ ला प्लेऑफलाच नव्हते. सेंटर मिलरला त्या जानेवारीत न्यूयॉर्कला देऊन टाकला, कोच टॉकेट गेला, त्याच्या जागी ॲडम फूट आला. जावयांच्या मित्रमंडळीत त्या जुलैत एकच चर्चा की खाली कप आलाय म्हणजे आता वरचे दिवस फिरणार.

मला तेव्हा एवढं सोपं वाटत नव्हतं. वर भोक होतं ते दुसऱ्या लाइनच्या, म्हणजे पुढच्या तिघांच्या तुकडीच्या, मधल्या खेळाडूचं, सेंटरचं, आणि ते भरेल असं खाली कोणी नव्हतं. आतू रॅटी आहे, फेसऑफ छान घेतो, अंगाने मजबूत आहे, पण तो तिसऱ्या-चौथ्या लाइनचा, त्याच्यावर मिलरची जागा टाकणं म्हणजे पोरावर अन्याय. लिनस कार्लसन मात्र शंभर टक्के वर राहिला पाहिजे. प्लेऑफच्या चोवीस मॅचमध्ये चौदा गोल आणि सव्वीस पॉइंट, सगळ्यात जास्त, आणि गोल सगळे घाण जागेतले, नेटच्या तोंडाशी दोन जणांचे मार खात उभं राहून. असा माणूस कोणत्याही लीगमध्ये गोल करतो. लेक्केरिमाकीला २०२२ च्या ड्राफ्टला पहिल्या फेरीत पंधराव्या नंबरवर घेतला, त्याचा मनगटाचा शॉट सुटतो ते दिसतच नाही, पण अंग अजून भरायचंय, त्याला आणखी एक वर्ष खाली ठेवा असं मी तरी म्हणेन, घाईने वर नेऊन चौथ्या लाइनवर सात मिनिटं खेळवण्यात काय अर्थ आहे? डिफेन्सला मात्र चांदी आहे. धाकटा एलियास पेटरसन (हो, वर त्याच नावाचा सेंटर आहे, त्यामुळे आमच्या ग्रुपवर रोज घोळ), न्यूयॉर्कहून मिलरच्या बदल्यात आलेला मॅन्सिनी, आणि बोस्टन युनिव्हर्सिटीतून तेव्हा नुकताच आलेला विलँडर, २०२३ च्या ड्राफ्टमधला अकरावा. ह्या तिघांतले दोघं जरी तेव्हाचा कॅप्टन क्विन ह्यूजच्या मागे नीट बसले तर टीमला पाठीचा कणा येईल असं वाटत होतं. ह्यूजचा करार २०२७ पर्यंतचा होता, त्याला टिकवायचं तर टीम चांगली दिसायला हवी होती, आणि ती ह्या पोरांनीच दिसणार होती.

बैंसची काळजी वाटत होती मला. तो दोन्हीच्या मधे अडकला होता, खाली फार चांगला आणि वर तेराव्या माणसाची जागा. त्याला सलग वीस मॅच एकाच लाइनवर द्या आणि मग काय ते ठरवा, एवढंच म्हणणं होतं.

आणि शिलोव्ह्स गेला. कप जिंकून तीन आठवडे झाले नाहीत तोवर, जुलैच्या मध्यात, पिट्सबर्गला ट्रेड. बदल्यात एक खेळाडू आणि २०२७ च्या ड्राफ्टमधला चौथ्या फेरीचा पिक, म्हणजे एक पोरगं निवडायचा हक्क. ज्याने २०२३ ला लॅटव्हियाला वर्ल्ड चॅम्पियनशिपचं पहिलं पदक मिळवून दिलं, ज्याच्यासाठी त्या देशाने सुट्टी जाहीर केली, जो २०२४ ला मुख्य गोलकीपर डेम्को जखमी असताना व्हँकूव्हरच्या गोलमध्ये उभा राहिला आणि नॅशव्हिलला त्यांच्या घरी १-० ने बाहेर काढलं, त्याची किंमत चौथ्या फेरीचा पिक. कारण मला कळतं. वर डेम्कोशी नवा करार झालाय, लँकिनेनशी पण झालाय, गोलकीपर दोनच लागतात. आणि आता त्याला खाली पाठवायचं तर आधी वेव्हर्सवर टाकावं लागणार, म्हणजे बाकीच्या एकतीस टीमपैकी कोणीही फुकट उचलून नेणार. फुकट जाण्यापेक्षा काहीतरी घेऊन दिलेलं बरं, हिशोब बरोबरच आहे. पिट्सबर्गमध्ये त्याला वर खेळायला मिळेल आणि त्याने ते कमावलंय. तरी त्या दिवशी मला चहा गेला नाही.

लेकीने व्हिडिओ कॉल केला तेव्हा नातू तोच जर्सी घालून जेवत होता, पुढे वरणाचा डाग. ती म्हणाली बाबा, आता ३१ नंबर दुसऱ्या कोणाला जाणार, ह्याला नवीन घेऊन द्यावा का, बैंसचा घेऊ का. मी म्हटलं बैंसचा घे हवा तर, पण हा काढू नकोस. गुडघ्याच्या जरासा वर आलाय आता, अजून दोन हिवाळे आरामात जाईल.